विषयाच्या ओळीत खांब नव्हता

मंगळवार, ५ ऑगस्ट. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. गावाची पाण्याची टाकी पडली. खाली झडप उघडायला गेलेला कचरू जागीच गेला. तो एकोणपन्नास वर्षांचा होता. दुसरे कोणी जखमी नाही.

मित्रांनो, हे मी पाहिलेले नाही. मी टाकीपासून नऊ किलोमीटरवर होतो. कुंभार पिंपळगावच्या बाजारगल्लीत एक सेवा केंद्र आहे, तिथे दाराजवळच्या टेबलावर ठेवलेला मी एक जुना संगणक. वरच्या ओळी त्याच दिवशी सव्वानऊ वाजता माझ्यावर टाईप झाल्या. त्या गावाचे नाव मी घेणार नाही, कारण चौकशी सुरू आहे. जे माझ्यावर टाईप झाले आणि जे माझ्यासमोर बोलले गेले, तेवढेच सांगतो.

माझा जन्म जालन्यातल्या एका दुकानात झाला. एका दुपारी चार पेट्यांमधून सुटे भाग काढून मला जोडले. तातेराव नावाच्या वार्ताहराने मला घेतले आणि नऊ वर्षे माझ्यावर बातम्या लिहिल्या. संध्याकाळी सात वाजता पान लागायचे, म्हणून पावणेसातला बातमी गेलीच पाहिजे असा त्यांचा नेम होता. माझी 'म'ची कळ त्या घाईत झिजली. त्या काळात मला मान होता. लोक दारात चपला काढून माझ्या खोलीत यायचे. कोणी यात्रेची बातमी आणायचे, कोणी अपघाताची.

तातेराव आधी मथळा लिहीत, मग बातमी. नवशिक्या वार्ताहराने 'भव्य दिव्य सोहळा संपन्न' असे लिहून आणले की ते विचारत, "कुणाचा? कुठं? कधी? लग्नाचा मांडव अन् मयताचा मांडव लांबून सारखाच दिसतो राजा. वाचणाऱ्याला दारातच सांग, आत काय आहे ते."

पुढे त्यांनी मांडीवर ठेवायचा छोटा संगणक घेतला. मी दोन वर्षे कोपऱ्यात पडून होतो. माझ्यावर पोत्याचे कापड होते आणि त्यावर कांद्याची टोपली. धूळ आत गेली आणि माझा पंखा घरघरू लागला. मग अक्षता आली. ती सेवा केंद्र उघडत होती. तिने मला नेले, उघडून रंगाच्या कोरड्या ब्रशने स्वच्छ केले, नवी मेमरी बसवली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबलावर ठेवले. निघताना तातेराव तिला म्हणाले, "हा चांगला आहे. फक्त याला काय लिहायचं ते तू ठरव. हा काही थांबवत नाही."

ते खरे आहे. मी काहीच थांबवत नाही.

सोमवार, ७ जुलै. सकाळी साडेअकरा वाजता केंद्रात दोघे आले. एक कचरू, गावचा पाणी सोडणारा माणूस. दुसरे रामप्रसाद गुरुजी. गुरुजी निवृत्त शिक्षक. गावातली प्रत्येक निमंत्रणपत्रिका त्यांच्या हातची.

कचरू खुर्चीवर बसला नाही. माझ्या टेबलाला टेकून म्हणाला, "ताई, टाकीच्या एका खांबाला चीर पडली. होळीला केसावाणी होती. आता करंगळी जाऊन राह्यली."

"कुणाला सांगितलं का?" अक्षताने विचारले.

"ग्रामपंचायतीत दोन बार तोंडी सांगितलं. म्हणले, बघू. मंग मीच बघून राह्यलो. दर शुक्रवारी चीर जिथवर गेली तिथं चुन्याचा पट्टा ओढतो अन् तारीख टाकतो. लिवता येत न्हाई मला, पण आकडे बराबर येतात. टाकी निम्मीच भरतो. बाया शिव्या देतेत. टाकीला संधिवात झाला म्हणलं, जास्त वझं नगं."

तो हसला. गुरुजी हसले नाहीत. ते कागद घेऊन बसले होते.

अक्षताने नवे टपाल, म्हणजे मेल, उघडले. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जूनमध्ये नवे साहेब आले होते. त्यांचा पत्ता तिने टाकला. विषयाच्या ओळीत तिने लिहिले :

'टाकीच्या खांबाला करंगळीएवढा तडा : शुक्रवार १८ जुलै, सकाळी १० वाजता पाहणीस यावे'

मित्रांनो, तातेराव असते तर त्यांनी ती ओळ जशीच्या तशी छापली असती. काय झाले, कुठे झाले आणि कधी यायचे, हे सगळे दारातच होते.

गुरुजींनी चष्मा वर केला. "हे काढा."

"का गुरुजी?"

"बाई, मी तीस वर्षं अर्ज केलेत. अर्जाला जावक क्रमांक मिळतो. सत्काराला साहेब मिळतो. शाळेच्या दोन खोल्या अशाच आणल्या मी. आधी शाल, नारळ, चार शब्द. मग हात धरून नेलं अन् दाखवलं गळकं छत. साहेब नवीन आहेत, त्यांचा सत्कार ठेवू. टाकीच्या पायथ्याशीच मांडव घालू. वर बघतीलच की."

"पण ओळीत तडा राहू द्या ना."

"सत्काराच्या पत्रिकेवर तडा? अशुभ दिसतं. आणि साहेबाला वाटेल, आपल्याला पकडायला बोलावलं."

अक्षताने कचरूकडे पाहिले. तो म्हणाला, "गुरुजी म्हणतेत तसं करा ताई. मला साहेब आला म्हंजी झालं."

गुरुजींचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. शाळेच्या दोन खोल्या खरोखर उभ्या आहेत. अक्षताने आपली ओळ तशीच सोडली, दुसरे टपाल उघडले आणि गुरुजींनी सांगितले ते लिहिले :

'सप्रेम नमस्कार वि. वि. मा. साहेबांच्या सत्कार समारंभाचे आग्रहाचे निमंत्रण'

सोबत गुरुजींच्या सुंदर अक्षरातली पत्रिका जोडली. तिच्यात एकोणीस ओळी होत्या. शेवटची ओळ अशी : 'सत्कारानंतर टाकीच्या खांबांची पाहणी करून मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती.' अकरा वाजून बावन्न मिनिटांनी ते टपाल गेले. अक्षताची पहिली ओळ न पाठवलेल्या टपालात राहिली. ती आजही तिथे आहे.

कामाची एक गोष्ट इथे सांगतो. बहुतेक साहेब टपाल फोनवर पाहतात. फोनवर विषयाचे पहिले चार-सहा शब्दच दिसतात, पुढे टिंबे. त्यांना दिसले असेल ते एवढेच : 'सप्रेम नमस्कार वि. वि. मा. साहे...' नव्याने आलेल्या माणसाला जुलै महिन्यात अशी किती निमंत्रणे येतात, ते मोजायला मी तिथे नाही. साहेबांनी ते उघडले का, हेही मला कळत नाही. माझ्याकडे फक्त गेल्याची वेळ असते.

१८ जुलैला, सत्काराच्या दिवशी, कार्यालयातून कोणी आले नाही. हे कचरूनेच दुसऱ्या दिवशी केंद्रात सांगितले. मांडव होता, खुर्च्या होत्या, पोरांनी स्वागतगीत बसवले होते. दीड वाजेपर्यंत वाट पाहिली. मग गुरुजींनी ती शाल कचरूच्याच खांद्यावर टाकली. "म्हणले, घे, तुझाच सत्कार. समद्यांनी टाळ्या वाजवल्या ताई. नारळ फोडून खाल्ला. साळूबाई म्हणती, आता चहा मागू नको, मोठा माणूस झाला तू." साळूबाई म्हणजे त्याची बायको.

अक्षता म्हणाली, "परत टपाल करू का? या वेळी माझ्या ओळीनं?"

"गुरुजी म्हणतेत, नागपंचमी होऊ द्या."

नागपंचमी झाली. तिच्यानंतरच्या आठवड्यात, मंगळवारी टाकी पडली. शवविच्छेदनासाठी दवाखान्यात नेताना कचरूच्या अंगावर तीच शाल पांघरली होती.

सोमवार, ११ ऑगस्टला साळूबाई केंद्रात आली. तिच्या हातात कार्यालयाच्या प्राथमिक अहवालाची प्रत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून अक्षताने वाचून दाखवले. 'टाकीतील दोषाबाबत संबंधित पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने पूर्वसूचना दिल्याचे आढळून येत नाही.'

"म्हंजी काय?"

"म्हणजे, कचरूभाऊंनी सांगितलंच नाही असं."

साळूबाईने अहवालाची प्रत अक्षताच्या हातातून परत घेतली.  मग ती म्हणाली, "अन् त्यो दर शुक्रवारी चुन्याचा डबा घेऊन जात होता, ते काय रांगोळी घालायला? मेला तर मेला. आता चूक बी त्याच्याच अंगावर टाकून राह्यले. लेकरं शाळंत जातेत माझी. उद्या म्हणतील, तुझ्या बापानं टाकी पाडली."

अक्षताने कार्यालयात फोन लावला. तिकडून सांगितले की सात जुलैचे टपाल आलेले आहे, विषय सत्काराचा आहे, जोडलेला कागद उघडत नाही. तिने न पाठवलेल्या टपालाबद्दल सांगितले. "मॅडम, जे आलंच नाही ते आम्ही कसं धरणार?" अक्षताने फोन ठेवला. 

दुपारी गुरुजी आले. बाकावर बसले. म्हणाले, "'तडा' हा शब्द मी काढायला लावला."

अक्षता म्हणाली, "टाईप मी केलं."

पुरावा एकच उरला होता. पडलेल्या खांबांपैकी तो एक खांब आडवा पडला आहे, पण त्याची चुन्याची बाजू वर आहे. मार्चपासून एक ऑगस्टपर्यंतच्या तारखा त्यावर आहेत, एकाखाली एक, प्रत्येक वेळी चीर थोडी पुढे. अक्षताने फोटो पाठवले. तिघांची चौकशी समिती नेमली आहे, तिच्या कारकुनाने कळवले की फोटो कधीचा आणि कोणत्या खांबाचा हे ठरवता येत नाही, जागेवर पंचनामा झाला तरच धरता येईल. पण टाकी शाळेला लागून होती. पंधरा ऑगस्टला तिथे झेंडावंदन. ढिगारा गुरुवारी, १४ तारखेला दुपारी बारापासून उचलायचे ठरले होते. समितीच्या अध्यक्षांना फोन केला, तर त्यांच्या माणसाने सांगितले, "साहेब दौऱ्यावर आहेत. मेल टाका, फोनवर बघतात."

मंगळवार, १२ ऑगस्ट. सकाळी दहा वाजता तिघेही माझ्यासमोर होते. अक्षताने 'माननीय' लिहिले आणि खोडले. 'विनंती' लिहिले आणि खोडले. गुरुजी मागे उभे होते. 

साळूबाई म्हणाली, "ताई, त्याचं नाव पयलं टाका."

ओळ अशी झाली :

'मृत कचरूने तारखा टाकलेला खांब गुरुवारी दुपारी १२ ला उचलणार. त्याआधी १० वाजता पंचनाम्यास या'

अक्षताने आधी ती स्वतःच्या फोनवर पाठवून पाहिली. 'मृत कचरूने तारखा टाकलेला खां...' एवढे दिसत होते. "पुरे," ती म्हणाली. खाली तीनच वाक्ये लिहिली. पत्रिका जोडली नाही, मजकूर टपालातच ठेवला, गावाचा रस्ता आणि साळूबाईचा नंबर दिला. अध्यक्ष आणि दोन सदस्य, तिघांना दहा वाजून एकोणीस मिनिटांनी ते गेले.

गुरुजी जाताना म्हणाले, "असं आधी लिहायला पाहिजे होतं." 

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझा पंखा पुन्हा घरघरतो आणि तापलो की मध्येच बंद पडतो. अक्षता मला पुसते, उघडून फुंकर मारते, हे माझे नशीब. त्या टाकीचे तसे नव्हते. तिची रोज विचारपूस करणारा एकच माणूस होता. तुम्ही उद्या कोणाला कार्यक्रमाला बोलवाल. स्नेहसंमेलनाला बोलवा, पाहणीला बोलवा. ज्याच्यासाठी बोलावता ते पहिल्या ओळीत लिहा आणि कधी ते लिहा. सन्मान खाली लिहिला तरी चालतो.

आज गुरुवार, १४ ऑगस्ट. सकाळी नऊला अक्षताने केंद्र उघडून मला चालू केले. तेव्हापासून ती दर दहा मिनिटांनी आलेले टपाल पाहते आहे. एका वीजबिलाचे आले. एका महाविद्यालयाच्या ध्वजारोहणाचे आले. समितीपैकी कोणाचे आले नाही.

साळूबाई पहाटेपासून खांबापाशी बसली आहे. गुरुजी छत्री घेऊन तिच्याजवळ आहेत, पाऊस आलाच तर चुना धुऊन जाऊ नये म्हणून. दहा वाजले. साडेदहा झाले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी अक्षताने फोन लावला आणि आवाज मोठा करून तो माझ्या कळफलकाशेजारी ठेवला.

"मावशी, आली का गाडी?"

फोनमध्ये इंजिनाचा मोठा आवाज होता.

"दोन आल्या ताई. एक जेसीबी हाय, बाराच्या आधीच आला."

"अन् दुसरी?"

"दुसरी त्याच्या मागं उभी हाय. धुळीत दिसंना कुणाची हाय ते."