बार नसलेली बंदूक

माझ्या झडपेवर चामड्याची एक चकती आहे. चार आण्यांच्या नाण्याएवढी रुंद आणि जाड पुठ्ठ्याएवढ्या जाडीची. ती तेलात मुरलेली असली, तर पोटात भरलेली हवा आठवडाभर टिकते. ती कोरडी पडली आणि मला पाण्यात बुडवलं, तर तिच्या कडेतून दर सात-आठ सेकंदांनी एक बुडबुडा सुटतो, मोहरीएवढा. मला घडवणाऱ्या रखमाजी मिस्त्रींनी बादलीशेजारी उकिडवं बसून ते बुडबुडे मोजले होते आणि चकती तीनदा बदलली होती.

मित्रांनो, मी एक जुनी हवेची बंदूक आहे. हवेची म्हटल्यावर तुम्हाला जत्रेतला फुगेवाला आठवेल. त्याच्या बंदुकीतला छर्रा तुरीच्या दाण्याएवढा असतो आणि तो फुगा फोडतो, फार तर एखाद्या चिमणीला लोळवतो. माझ्या नळीत माणसाची करंगळी जाते. माझी गोळी शिशाची असते, पिकल्या करवंदाएवढी. जिवंत अंगात ती काय करते, हे मी पाहिलं आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

भोरचा रस्ता जिथे हमरस्त्याला फुटतो, त्या कापूरहोळच्या नाक्यावर मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्कराच्या मोडीतली एक पोलादी बाटली त्यांना मिळाली. ते माझं पोट. दस्ता शिसवीचा. सन सहासष्टच्या उन्हाळ्यात मी तयार झाले. मला बनवून घेतलं बाजीरावांनी. त्यांची वाडी वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याला. तिथली नाचणी आणि वरई रानडुकरं लोळवत. ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा त्यांचा अर्ज तीन वर्षं तहसील कचेरीत पडून होता. वाडीत परवाना एकट्या गेनूकडे होता. गेनू बाजीरावांचा बालमित्र.

मला न्यायला आले, त्या दिवशी बाजीराव हसतच होते. पंपाचे दोनशे दट्टे मारताना त्यांचा सदरा पाठीला चिकटला.

"मिस्त्री, फुगं फोडायला एवढा घाम?"

"फुगं कुठं हाईत हितं? ती फळी बगा," मिस्त्री म्हणाले. गॅरेजमागच्या मातीच्या दरडीला त्यांनी ट्रकची सागवानी फळी टेकवून ठेवली होती. अंतर चाळीस पावलं.

बाजीरावांनी मला खेळण्यासारखं हलकेच खांद्याला लावलं आणि घोडा ओढला. बाटलीतली हवा नळीत घुसली. ठासणीची बंदूक हिसडा देते. मी तसा देत नाही. बैलाने कपाळ लावून ढकलावं, तसं मी त्यांना मागे लोटलं. त्यांचा एक पाय मागे गेला. आवाज झाला तो ओलं गोणपाट दगडावर आपटावं एवढाच. नाक्यावरच्या चहावाल्याने मान वळवली नाही.

फळीला पुढून वाटोळं भोक पडलं होतं. मागून तळहाताएवढी ढलपी उडाली होती. गोळी दरडीत सापडली, चेपून बत्ताशासारखी झालेली आणि गरम. बाजीरावांनी भोकात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. हसणं थांबलं होतं.

"आवाज कुठाय वो, मिस्त्री?"

"आवाज न्हाई, धूर न्हाई, जाळ न्हाई. डुकराला कळायच्या आत दुसरी घाला. एकदा भरली की पाच गोळ्या जात्यात."

"आन् माणसाला तरी कळंल का?"

बाजीरावांनी गंमत केली होती. मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिले. "माणसाकडं धरायची न्हाई," एवढंच म्हणाले.

खरं सांगते, मला तेव्हा अभिमान वाटला. पुढच्या दोन वर्षांत मी सहा डुकरं मारली. पहिलं मादी होतं. गोळी कानामागे शिरली, तरी ती वीस पावलं धावली आणि नाचणीत नाक खुपसून पडली. पाय बराच वेळ झाडत होती. एकाचा जबडा फुटला. लोंबकळता जबडा घेऊन तो ओढ्यापर्यंत गेला आणि बाजीरावांना कोयत्याने त्याचं काम पुरं करावं लागलं. त्या वर्षी खंडेनवमीला मला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ मिळाली. वाडीतले लोक तरीही मला 'फुगेवाली'च म्हणत. मला राग येई. तो वेडेपणा होता.

आता अडुसष्टचा शिमगा. धुळवडीच्या दिवशी त्या बाजूच्या वाड्या पारधीला जात. दहा-पंधरा माणसं पत्र्याचे डबे बडवत, आरोळ्या देत कारवीच्या रानातून ओळीने खाली येत. त्याला हाका म्हणतात. बंदूकवाले खिंडीत वाट अडवून बसत. नियम एकच होता आणि तो लहान पोरालाही ठाऊक होता. बार ऐकू आला की हाक्यातल्या माणसाने असेल तिथे झाडाआड किंवा दगडाआड बसायचं आणि खालून हाक येईपर्यंत उठायचं नाही. या नियमामुळे तिथे कधी कोणी मेलं नव्हतं. वाडीत मागे राहिलेल्या बायकाही बार मोजत. एक बार झाला की एक परात बाहेर काढायची, वाट्याच्या मटणासाठी.

माझ्याजवळ बार नव्हता. हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. बाजीरावांच्या नाही, गेनूच्या नाही, माझ्याही नाही.

खिंडीच्या तळाशी आम्ही होतो. वरच्या टेपाडावर गेनू. हाक्यात सर्वांत पुढे चिमाजी होता, गेनूच्या बहिणीचा, ठकुबाईचा नवरा. जाताना तो गेनूला चिडवून गेला होता, "दाजी म्हनून मान राखा. डुकराचं मुंडकं मला द्या, न्हाईतर तुमची भन घरात घ्यायची न्हाई."

डुक्कर आलं, तो मोठा नर होता. बाजीरावांनी गोळी झाडली. ती बरगडीत शिरली, पण तो पडला नाही. हाक्याबरोबरचं एक कुत्रं त्याच्या अंगावर गेलं. डुकराने मान एकदाच वर फेकली आणि कुत्र्याचं पोट फाटून आतडी कारवीवर लोंबली. त्याचं केकाटणं आणि वरचे डबे यात माझा आवाज कुठेच नव्हता. बार झाला नाही, म्हणून हाका थांबला नाही. चिमाजी डबा बडवत खाली येत राहिला.

डुक्कर उलटं फिरून कारवीत घुसायला निघालं. बाजीरावांनी दुसरी गोळी घातली आणि नेम धरायला न थांबता घोडा ओढला. गोळी डुकराच्या पाठीवरून गेली. कारवी हलली आणि चिमाजी बाहेर आला. डबा त्याच्या हातात होता. गळ्याच्या खाली, छातीच्या हाडावर, एक काळा ठिपका उमटला. तो गुडघ्यांवर बसला. तोंडातून रक्त आलं, फेसाळ आणि तांबडं, कारण गोळी फुप्फुसातून गेली होती. तो कोसळला आणि त्यानंतर, श्वास घ्यायला लागेल एवढ्या वेळाने, वरून गेनूचा बार झाला. डुक्कर जागीच लोळलं.

सगळी खिंड घुमली. हाका नियमाप्रमाणे बसला. वाडीत ठकुबाईने तो बार ऐकला आणि परात काढली.

मित्रांनो, हा क्रम नीट ध्यानात ठेवा. माणूस बाराच्या आधी पडला. ते पाहणारे दोघेच, बाजीराव आणि मी. बाकीच्यांनी एक बार ऐकला आणि एक मेलेला माणूस पाहिला.

गेनू धावत खाली आला. चिमाजीचं डोकं मांडीवर घेऊन छातीच्या भोकावर पागोटं दाबत राहिला. पागोटं भिजलं, हात कोपरापर्यंत भिजले. "माज्या बारानं," एवढंच तो म्हणत होता.

कोणीतरी बाजीरावांना विचारलं, "तुमी झाडली व्हती का?"

"एक. डुकरावर," बाजीराव म्हणाले.

वाडीने गेनूला वाचवायचं ठरवलं. बाहेर सांगायचं, डुकराने मारला. सुळ्यांनी फाटलेलं कुत्रं सर्वांना दिसत होतंच. संध्याकाळच्या आत चिमाजीला अग्नी दिला. डुक्कर कोणी खाल्लं नाही. ते पुरायचं काम बाजीरावांनी मागून घेतलं आणि पुरण्याआधी एकट्याने ते चिरलं. आत दोन गोळ्या निघाल्या. एक माझी. दुसरी लहान, गेनूची. गेनूने एकच बार काढला होता आणि त्याची गोळी इथे होती. मग चिमाजीच्या छातीत होती ती कोणाची, याला फार विचार लागत नाही. बाजीराव त्या गोळ्या मुठीत घेऊन अंधार पडेपर्यंत बसले आणि मग त्यांनी त्या कानंदी नदीत फेकल्या.

मला माळ्यावर टाकलं. चकती वाळली, हवा गेली, नळीला गंज चढला. माळ्यावरून अंगण दिसतं आणि तिथली बोलणी ऐकू येतात, म्हणून पुढचं मला कळलं. गेनूने महिन्याच्या आत आपली बंदूक पोलिसांत जमा केली. दर पावसाळ्यात तो आधी ठकुबाईचं वावर नांगरी, मग आपलं. ती त्याच्याकडे बघत नसे. सात वर्षं तिने त्याला भाऊबिजेला ओवाळलं नाही. लांब कुठे सुरुंग उडाला, तरी ती कानांवर हात दाबून खाली बसे.

बाजीराव तीनदा सांगायला निघाले. एकदा गेनूच्या दारात जाऊन काड्याची पेटी मागून परत आले. एकदा ठकुबाईच्या बांधापर्यंत गेले. एकदा तर पोलिसांकडे जायला वेल्ह्याच्या गाडीत बसले आणि पुढच्याच थांब्यावर उतरले.

निबंधांतल्या माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला तेल द्या, गंज चढू देऊ नका. मी ते मागणार नाही. माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या हातून काही घडलं, तर ते त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतं आणि मग तो ते वाहत राहतो.

पंचाहत्तर सालच्या आश्विनात गेनू आमच्या अंगणात आला.

"बाजी, ती फुगेवाली हाय का अजून?"

"माळ्यावर पडलीया. कशाला?"

"ठकूच्या नाचणीत डुकरं शिरली. निम्मा पट्टा लोळवला. तिला दुसरं हाय काय खायाला? बंदुकीचा बार काडायची सोय न्हाई, ती पालथी पडती. तुझीला आवाज न्हाई म्हनत्यात."

"म्हनत्यात? तू न्हाई आइकली कदी?"

"कवा आइकनार? त्या दिशी तू एक झाडलीस म्हनं. म्या माज्याच बाराच्या नादात."

बाजीरावांनी मला उतरवलं. दोन दिवस चकती करडईच्या तेलात ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठकुबाईच्या वावरात गेलो. बांधावर एक वठलेला आंबा होता, त्याच्यावर गेनूने हात बसवायचा होता.

ठकुबाई खोपीच्या दाराशी उभी होती. "बाजीभाऊ, त्यांना सांगा, म्या कान झाकल्याबिगर काय करायचं न्हाई."

"आपल्या भावाला सांगा की, हितं तर हाय," बाजीराव म्हणाले.

"तुमीच सांगा."

तिने पाठ फिरवली आणि दोन्ही तळहात कानांवर दाबले. गेनूने मला खांद्याला लावलं. सात वर्षांनी त्याने बंदूक धरली होती. त्याने घोडा ओढला. मी त्याला लोटलं. आंब्याची साल हातभर उडाली. आत पांढरं लाकूड दिसलं.

गेनू तसाच उभा राहिला. तो बाराची वाट बघत होता.

वीस पावलांवर ठकुबाईही तशीच उभी होती, कान झाकून. बराच वेळ. मग तिने एक हात जरासा सैल केला आणि वळली. "बाजीभाऊ, अजून किती येळ? काडा की एकदाचा."

"निघाला, ठकुबाई."

"कवा?"

गेनूने मला खाली केलं. झाडाशी जाऊन भोकात बोट घातलं. तो परत आला, तेव्हा त्याचा चेहरा हाडाला चिकटल्यासारखा झाला होता.

"बाजी, तुझी त्या दिशीची गोळी हाक्याला आइकू गेली नसंल."

"न्हाई गेली."

"म्हंजी चिमाजी बसलाच न्हाई. चालतच आला."

"व्हय."

"आन् तू एकच झाडलीस."

ठकुबाई खोपीपासून चार पावलं पुढे आली होती. बाजीरावांनी माझ्याकडे बघितलं, मग गेनूकडे, आणि मग तिच्याकडे तोंड केलं.

"दोन झाडल्या. दुसरी चिमाजीला लागली. गेन्या, तुझी गोळी डुकरात हुती, म्या ह्या हातानं काडली आन् कानंदीत टाकली. ठकुबाई, तुमच्या भावानं तुमचं कुक्कू न्हाई पुसलं. म्या पुसलं. उद्याच्या पैल्या यष्टीनं वेल्ह्याला जातो आन् पोलिसांना ह्येच सांगतो."