दोनदा घातलेलं पाणी

मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि वळून मला पाठ दाखवली. काळ्या स्वेटरवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरी भुकटी लागली होती.

"चाळीस वर्षं शाळेत खडूची धूळ खाल्ली," त्या म्हणाल्या, "निवृत्त कशाला झाले, घरी बसून तीच खायला?"

मी उत्तर घोकूनच आलो होतो. भिंतीचा रंग हाताला सुटायला लागला की पेंटरकडे तीन कारणं कायम तयार असतात: भिंतीतली ओल, रंगाची कंपनी आणि दुकानदार. स्वतःचा हात हे चौथं कारण कोणी काढत नाही. मी दुकानदारावर ढकललं. त्याच्याशी माझं याच घरावरून अडीच वर्षांपूर्वी वाजलं होतं, त्यामुळे जीभ आयतीच चालली.

"बायकोला बरोबर आणलंय," मी शेवटी म्हणालो. "तिला घरी एकटं ठेवता येत नाही आता. एका खुर्चीत बसून राहील."

"अहो, त्यात विचारायचं कसलं? हे घर त्यांनीही रंगवलंय की!" बाईंनी खिडकीजवळ खुर्ची ओढली. बायको बसली आणि परक्या घरात बसावं तशी पदर सावरून हसली.

तिला मी मुकादम म्हणायचो. तीस वर्षं आम्ही जोडीने काम केलं. ब्रश माझा, बादली तिची. कान तुटलेला एक ॲल्युमिनियमचा मग होता, त्याने ती रंगात पाणी घालायची. चार लिटरच्या डब्याला दोन मग, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. माझं डोकं गरम, हे गावाला माहीत. गिऱ्हाईक, दुकानदार, सख्खा जावई, कोणी सुटलेलं नाही. "राग तुझ्या नाकावर भाड्याने राहतो," ती म्हणायची, "आणि भाडं मी भरते." मला उभ्या जन्मात अरेतुरे करणारी ही बाई आता मला 'अहो पेंटर' म्हणते. डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून विसरतात? मी छातीठोक सांगितलं, गेल्या वर्षीपासून. ती काम सोडून घरी बसली, डोक्याला चालना राहिली नाही, म्हणून झालं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. स्वतःलाही.

काळं फडकं घेऊन मी मागच्या खोलीत गेलो. नुसत्या नजरेला भुकटी कळत नाही. फडकं दाबून फिरवायचं आणि उलटून बघायचं. आम्ही कुठलंही घर मागच्या खोलीपासून रंगवायला घेतो आणि दाराशी संपवतो. त्या खोलीच्या पहिल्या भिंतीवर फडकं फिरवलं. कोरं. दुसरीवरही कोरं. मी खूश झालो, म्हटलं चला, सगळं घर काही गेलेलं नाही. तिसऱ्या भिंतीवर निम्म्यापर्यंत फडकं काळंच राहिलं आणि पुढे एकदम पिठाच्या डब्यात घातल्यासारखं झालं. मधल्या बोळात एक भिंत चांगली, एक खराब. बाहेरच्या खोलीत चारही भिंतींनी हात पांढरे केले.

जिथे एक डबा संपून दुसरा उघडला, तिथेच भुकटी सुरू होत होती; ओल अशी डबा बघून येत नाही. दुकानदारही एकाच खेपेच्या डब्यांतले निम्मे चांगले आणि निम्मे वाईट देत नाही.

मी परत बोळात येऊन खाली बसलो. आता सगळं आठवायला लागलं. बोळ संपेपर्यंत हिशोबातले दोन डबे वाचले होते आणि "काटकसर शिकावी तर मुकादमकडून" म्हणून मीच तिची पाठ थोपटली होती. बाहेरच्या खोलीत रंग भिंत झाकेना, ब्रशवरून कोपरापर्यंत ओघळ यायला लागले. मी दुकानदाराकडे भांडायला गेलो तर तो म्हणाला, पाणी किती घातलं? माझ्या मुकादमच्या मापावर शंका! त्या दिवसापासून त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. पण परत येऊन मी तिच्यावरच फुटलो. मास्तरीणबाईंच्या देखत. "लक्ष कुठे असतं तुझं? रंगाचं नुसतं पाणी करून ठेवलंस!" ती म्हणाली, "एकदाच घातलं रे." मी म्हणालो, "खोटंही बोलायला लागलीस?" काम संपलं त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं की उद्यापासून घरी बस. ती बसली.

"पेंटर, हे कपाट रिकामं करून देऊ का?" बाईंनी हाक मारली. बोळातलं भिंतीतलं कपाट होतं ते. त्या कामाच्या वेळी आमच्या बादल्या त्यातच असायच्या. आतून ते रंगवायचं ठरलं नव्हतं, म्हणून आतला गिलावा जुनाच राहिला होता. बाईंनी गाद्या, ट्रंक, जुनी वर्तमानपत्रं बाहेर काढली. मी बॅटरी घेऊन वाकलो.

खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर तिचं. तिला लिहायचा कंटाळा, किराण्याची यादीसुद्धा मला करायला लावायची.

पहिल्या ओळीत दोन उभ्या रेघा आणि 'पाणी घातलं'. खाली पुन्हा दोन रेघा, 'घातलं'. मग तीन रेघा, त्यातली एक खोडलेली. मग 'घातलं का'. मग नुसत्याच रेघा, कुठे दोन, कुठे पाच, एकमेकींवर चढलेल्या. आणि सगळ्यात खाली, पेन्सिल दाबून, गिलाव्यात चर पडेल इतकी दाबून: 'त्याला विचारू नको. चिडेल.'

एवढंच होतं.

तिला माझ्याआधी कळलं होतं. या कपाटापाशी, हातात मग घेऊन, ती एकटीच आपल्या विसरण्याशी झगडत होती. मी दहा पावलांवर ब्रश मारत होतो. नुसतं विचारायचं होतं तिला, "अरे, मी पाणी घातलं का रे?" तेवढंही विचारायची सोय मी तिला ठेवली नव्हती. दुखणं कोणाच्या हातात नसतं, मान्य. पण ती भीती तर माझी देणगी होती. कपाटात डोकं घालून मी रडलो, आणि बाई शहाण्या, स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मग बाहेर येऊन मी त्यांना खरं सांगितलं. कंपनी नाही, दुकानदार नाही. डब्यात पाणी जास्त पडलं, चूक माझी. सगळ्या भिंती साबणाच्या पाण्याने धुऊन, भुकटी पार काढून, वाळवून, प्रायमर मारून नव्याने रंगवून देतो. बाईंनी उघड्या कपाटाकडे बघितलं. अडीच वर्षांपूर्वीचा आरडाओरडा त्यांनी ऐकलेला होता. "आणि कपाटाच्या आतलं?" त्यांनी विचारलं.

"ते असू द्या तसंच."

"असू दे," त्या म्हणाल्या.

मी बादली आणि स्पंज घेऊन बाहेरच्या खोलीत आलो तर बायको खुर्चीतून उठून भिंतीशी उभी होती. तिने तळवा भिंतीवर ठेवला, सावकाश खाली ओढला आणि उजेडात धरून बघितला. माझं नाव विसरली, लेकीचं विसरली, पण हात विसरला नव्हता.

"पाणी दोनदा पडलंय यात," ती म्हणाली. "कोणी केलं हे?"

"मी केलं."

तिने मला खालून वर न्याहाळलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडू दे, असं फार वाटलं मला. पण ती जवळ आली आणि कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "होतं असं, पेंटर. घातलेलं आठवत नाही कधी कधी. कोणी रागावलं नाही ना तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "मुकादम चांगली आहे माझी."

"नशीबवान आहात," ती म्हणाली. तिने माझ्या हातातून स्पंज घेतला, बादलीत बुडवून नीट पिळला आणि भिंत पुसायला लागली.