कुमारी आबेलोने कानिटकर

देवव्रत कानिटकरला मुलीसाठी कुणाचंच नसलेलं नाव हवं होतं. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स भागातल्या त्यांच्या गल्लीतच ओवी नावाच्या दोन मुली होत्या आणि मराठी मंडळाच्या सहलीत "आरव!" अशी हाक मारली की निम्मी पोरं जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत धावत येत. "आपली मुलगी गर्दीतली नको," तो म्हणायचा. स्वतः मात्र ऑकलंडमधल्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात 'डेव्ह' झाला होता.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात, त्याच्या बायकोला, वल्लरीला, सातवा महिना असताना, दोघं वेलिंग्टनला निघाले आणि डॅनवर्कमध्ये गाडी बंद पडली. हे पूर्वी डॅनिश लोकांनी वसवलेलं गाव. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई वल्लरीला आत घेऊन गेल्या आणि तिचे सुजलेले पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळत बसल्या. देवव्रतला त्यांनी सूप दिलं. त्याने आधी सूपमध्ये काय आहे ते विचारलं आणि मग बाईंचं नाव.

"आबेलोने. पणजीचं नाव आहे माझ्या. हल्ली डेन्मार्कमध्येसुद्धा क्वचितच कुणी ठेवतं."

शेवटचं वाक्य ऐकून देवव्रतचे डोळे चमकले. गाडी दुरुस्त होईपर्यंत फोनवर त्याचं संशोधन आटोपलं. अपोलोनिया या ग्रीक नावाचं हे डॅनिश रूप. त्यात अपोलो, आणि अपोलो म्हणजे सूर्य. "बघ, शेवटी आपलंच निघालं!" तो म्हणाला. सकाळपर्यंत त्याला डेन्मार्क नकाशात दाखवता आलं नसतं.

वल्लरीने विरोध केला नाही. ऑकलंडला आल्यापासून तिचे पाय असे कुणी मांडीवर घेतले नव्हते. त्या बाईंचं नाव घरात राहिलं तर तिला चालणार होतं.

मुलगी झाली. नर्सने नाव ऐकलं आणि ती खूश होऊन 'झकास!' या अर्थाने इथल्या बोलीत म्हणाली, "स्वीट अ‍ॅज! अ‍ॅबलोनी! आम्ही पाउआ म्हणतो." अ‍ॅबलोनी किंवा पाउआ म्हणजे समुद्रातल्या खडकाला चिकटून बसणारा, शिंपल्यातला प्राणी. इथले लोक तो तळून खातात. घरात अंडंही न आणणाऱ्या देवव्रतने तिला ग्रीक उगम समजावून सांगितला. नर्सने तो बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतला.

पुण्याहून त्याचे वडील तात्याराव आले. "काय ठेवलंय म्हणालास? आंबेलोणचं?"

"तात्या, आ-बे-लो-ने."

तात्यारावांनी दोनदा प्रयत्न केला. मग नातीच्या गालाला बोट लावून म्हणाले, "ही आमची लोणी." संध्याकाळपर्यंत घरभर लोणी झालं. पूर्ण नाव एकटा देवव्रत घ्यायचा, आणि त्या हाकेला पोरगी कधीही बघायची नाही.

दोन वर्षांनी डॅनवर्कच्या आबेलोनेबाई ऑकलंडला आल्या, तेव्हा वल्लरीने त्यांना जेवायला बोलावलं. तात्यारावही आलेले होते. पानं वाढून झाली आणि त्यांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "लोणे, ये गं लवकर!"

पोरगी धावत आली. पण तिच्याआधी आबेलोनेबाईंनी वळून पाहिलं होतं.

"हे नाव यांना कुणी सांगितलं?"

वल्लरीला काही कळेना. मग बाईंनीच सांगितलं. आबेलोनेचं घरगुती रूप लोने. लहानपणी त्या लोनेच होत्या. शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना ते इंग्रजीत 'लोन' वाचलं, म्हणजे एकटी. वर्ग हसला. तेव्हापासून त्यांनी लोकांना पूर्णच नाव सांगितलं. लोने फक्त आई म्हणायची, आणि आईला जाऊन खूप वर्षं झाली होती.

वल्लरीने हे मराठीत सांगितलं. तात्याराव थोडे अवघडले. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा म्हणू का, विचार त्यांना."

बाईंनी होकाराची मान हलवली.

"लोणे," तात्याराव हळू आवाजात म्हणाले, "बसा. वरण गार होतंय."

बाईंना 'लोणे'पुढचं काही समजलं नाही. त्यांनी डोळे पुसले आणि पानावर बसल्या. देवव्रत मात्र उच्चाराचा हा विचार आपण आधीच कसा केला होता ते सांगू लागला. वल्लरीने त्याच्या हातात तुपाचं भांडं दिलं आणि वाढायला लावलं.