पडद्यामागची टाच

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे चौसष्ट साली शारजात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी, दुसरे ते स्वतः. त्यातही ते अधूनमधून विसरत.

आमचे हे, म्हणजे बदरुद्दीन, बारा वर्षं ग्लासगोच्या बोटींवर आगवाले होते. बोटीच्या पोटात कोळसा ओढता ओढता कान गेले, ओठ वाचायची सवय लागली. पण तिथल्याच एका मिस्त्रीकडून अकॉर्डियन शिकून आले. रत्नागिरीकडच्या माणसाने छातीवर पेटी बांधून गोऱ्यांच्या चाली वाजवाव्यात, याचं गावाला फार हसू आलं. पण त्याच पेटीवर शारजाच्या इंग्रजी छावणीत मेसच्या स्टोअरकीपरची जागा मिळाली आणि मागची पत्र्याची खोली. दर गुरुवारी दुपारी असरच्या नमाजानंतर स्कॉटिश साहेबलोकांचा नाच असे. त्याला ते केली म्हणत. पेटी थांबली की खोली गेली, हे मला कोणी समजावायला नको होतं.

नाच तसा सोपा. चार जोड्या, आठ फेरे. आठव्याच्या शेवटी लांब सूर ओढून थांबायचं. आधी थांबलं तर एखादी मडम अधांतरी लटकते, पुढे गेलं तर सगळे एकमेकांवर आदळतात. यांची बोटं चाली विसरली नव्हती. पण स्वतःचाच सूर ऐकू येईना झाला की माणूस धावत सुटतो.

म्हणून मी. मंचाची एक फळी चिकाच्या पडद्याखालून मेसच्या स्वयंपाकघरात आली होती. मी स्टोव्हपाशी उभी राहून समोसे तळत असे आणि उजव्या टाचेने फळीवर ताल देत असे. ते बूट काढून बसत आणि तळव्यांनी तो घेत. आठवा फेरा संपत आला की मी दोनदा जोरात टाच आपटायची. बूट काढतो म्हणजे माणूस मोठा अदबशीर, असं साहेबांना वाटे.

त्या आठवड्यात शेजारच्या मरियमबीच्या लेकीची हळद होती. तीन दिवस गाऊन माझा घसा बसला होता, आणि गुरुवारी पहाटे फजरच्या नमाजापासून दोनशे समोसे.

“भाभी, तेल जळतंय,” इद्रीस म्हणाला. हा मेसचा बावर्ची, आमच्याच बाजूचा. “उभ्या उभ्या झोपलात की काय?”

“झोपले असते तर घोरले असते. झारा द्या इकडे.”

टाच चालूच होती. पाचवा फेरा होता की सहावा, देव जाणे. कधीतरी ती टाच माझ्या नकळत घरच्या वाटेला लागली. ओठांत हळदीचं गाणं आलं... मामा आले मचव्यातून, मामी आली डोलीतून... आमच्या त्या गाण्याला शेवट नसतो. मामा-मामी झाले की काका-काकू, मग फुप्फी, मग शेजारीण. जिचं नाव राहील ती वर्षभर बोलत नाही. फेर धरणाऱ्या बायका थकतात, गाणं थकत नाही.

यांच्या तळव्यांना ते कळलं. बोटांनीही उचललं.

“भाभी!” इद्रीसने झारा खाली ठेवला. “हे तर आपल्याकडचं!”

मी फटीतून पाहिलं. चाल त्यांच्या उड्यांत अशी बसली होती, जणू साहेबांचे मामाही मचव्यातूनच आले होते. पण फेरा कितवा? मोजणी हरवली होती. दोनदा टाच आपटायची कधी? मी नुसती ताल देत राहिले. दहा झाले असतील, बारा झाले असतील. कॅप्टनसाहेब गाजरासारखे लाल झाले. एक मडम भिंत धरून खाली बसली. शेवटी सगळे थांबले, हसले, टाळ्या वाजवल्या.

हे वाजवतच होते. डोळे मिटून.

“बदरुद्दीन!” कॅप्टनसाहेब ओरडले. “बस करो!”

पेटी चालूच. हसणं विरलं. मी घाबरून दोनदा टाच आपटली, आणि पेटी तत्क्षणी थांबली.

कॅप्टनसाहेबांनी आधी यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग फळीकडे. पुढे येऊन पडदा वर केला.

“साब, जरा रंग में आ गया था,” इद्रीस घाईने म्हणाला.

भला माणूस. ती थाप मला घेता आली असती. पण मग टाचेलाही आणखी किती वर्षं थापा मारत उभं राहावं लागलं असतं?

“कब से?” साहेबांनी मला विचारलं.

“दो साल.”

त्यांनी माझ्या टाचेकडे पाहिलं. मग म्हणाले, “अगले गुरुवार?”

“कुर्सी मिलेगी तो आऊँगी,” मी म्हणाले. इतकं थकल्यावर भीतीसुद्धा उभी राहू शकत नाही.

खोलीकडे जाताना यांनी विचारलं, “सांगितलंस?” बहिऱ्याचा आवाज, वाळवंट दणाणलं.

मी मान डोलावली.

“सगळ्यांना?”

मी त्यांच्यापुढे जाऊन ओठ दिसतील असं म्हटलं, “मी एकालाच. आता तुम्ही पार पलीकडच्या उम्म अल कुवैनपर्यंत पोहोचवलंत.”

ते हसले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. जेवले, नमाज पढले, पेटी पुसली. बारा वर्षं आगीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला बायकोच्या टाचेवर चालावं लागतं, हे आता इद्रीससकट सगळी छावणी जाणत होती. मला माफी मागावीशी वाटली, पण नेमकी कशाची ते सापडेना.

तिसऱ्या दिवशी मेसमधून खुर्ची आली. एक पाय आखूड, डुगडुगणारी. हे ती उचलून बाहेर घेऊन गेले. बसून पाहिलं, उठले, कानस घेऊन उरलेले तीन पाय घासत बसले. परत बसून पाहिलं.

“ये, बस,” म्हणाले, अख्ख्या छावणीला ऐकू जाईल अशा आवाजात. “हललीस तर ताल चुकेल.”