चिंचोक्याएवढा दाणा

प्रयागबाई पणदऱ्याला दिलेली आणि तिची धाकटी बहीण धोंडाबाई निरवांगीला. पणदऱ्याला पाटाचं पाणी, ऊस, दुभती जनावरं. निरवांगीला विहिरीवर भिजेल तेवढंच रान. धाकटीला आपल्यातलं काहीबाही द्यावं असं प्रयागबाईला सारखं वाटायचं. चौऱ्याण्णव साली पेरणीच्या तोंडावर ती बहिणीकडं एसटीनं गेली, ती मक्याच्या बियाची पिशवी घेऊनच.

धोंडाबाईनं आपलं बी सुपात काढून ठेवलं होतं. आईनं लग्नानंतर ओटीत घातलेला तो मका. बारका, टणक, लालसर. दरसाल त्यातलंच बी धरायची.

"चिमण्यांना टाकायचं का ह्ये?" प्रयागबाई हसली. तिनं पिशवीतले दाणे शेजारी ओतले. एकेक चिंचोक्याएवढा. "आमच्या संकरित मक्याचं हाय. थोरली कणसं बघून मी सोता निवडलंय."

"पर अक्का, आईचं बी मोडायचं?"

"आई काय बघाया येती? मी सांगती ते पेर."

थोरल्या बहिणीचा शब्द धोंडाबाईनं कधी मोडला नव्हता. पणदऱ्याचं बी रानात गेलं, आईचं काही कोंबड्यांपुढं, काही जात्यात.

उगवण दृष्ट लागावी अशी झाली. जाडजूड कोंब, रुंद पानं. धोंडाबाईचा नवरा गेणबा बारामतीच्या बाजारात मुद्दाम भेटून म्हणाला, "अक्का, असा मका आमच्या रानानं बघितला न्हवता." प्रयागबाई महिनाभर त्या बोलण्यावर खूश होती.

पुढं मात्र निरवांगीहून काही कळेना. काढणीला ती आपणहून गेली. रानात मक्याचं एक ताट डोक्याच्या वर गेलेलं, तर शेजारचं कमरेएवढं. कितीतरी कणसं शेंड्याला बोडकी. धोंडाबाई कणसं मोडत होती.

"बी तर चांगलं होतं गं," प्रयागबाई म्हणाली.

"व्हय. वैरण तरी झाली."

शेजारच्या रानात शेतकी खात्यातले बुद्धघोष आले होते. प्रयागबाईनं त्यांना बांधावर बोलावलं. त्यांनी कणसं उलटीपालटी करून पाहिली.

"दाणा मोठा असला की कोंबाला आत खायला भरपूर असतं, म्हणून तो जोरात वर येतो. पण पुढं कणीस कसं भरायचं ते वाणावर ठरतं. संकरित मक्याचं घरचं बी धरलं की दुसऱ्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत, पिकाचा उतारा घटतो. म्हणून तर नवं बी घ्यावं लागतं."

 प्रयागबाईचा नवरा सावळाराम दरसाल दुकानातून नवी पिशवी आणायचा. का आणतो, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं आईचं बी धुंडाळलं. मोरगावजवळच्या माहेरी जाऊन भावजयीला, भागूबाईला, विचारलं.

"त्यो बारका मका?" भागूबाई म्हणाली. "कवाच गेला. धोंडाक्काकडं असंल की."



पुढच्या साली धोंडाबाई बारामतीला येऊन दुकानातलं बी घेऊन गेली. एरवी बारामतीला आली की पणदऱ्याला मुक्काम ठरलेला. त्या दिवशी ती दुपारच्याच गाडीनं परतली. प्रयागबाईला हे गेणबाकडून कळलं. मका झकास आला, हेही त्यानंच सांगितलं.

दोघींत भांडण असं झालंच नाही. सणासुदीला येणंजाणं होतं, साडीचोळी होत होती. पण रानात काय पेरू, हे धोंडाबाईनं अक्काला पुन्हा विचारलं नाही, आणि प्रयागबाईनंही आपणहून कधी सांगितलं नाही.