घरचा वाफा

"धुऊनच तपासली, मावशी. चांगली दोनदा धुऊन," जुई म्हणाली.

मालनच्या हातातली पालकाची जुडी हातातच राहिली. तिचा नवरा शिवा कामाला होता ती गिरणी बंद पडली तेव्हापासून ती लालबागच्या नाक्यावर पालेभाजी विकत होती. जुई तिचं रोजचं गिऱ्हाईक. परळच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत कामाला. आता सातवा महिना लागलेला. अंगात रक्त कमी म्हणून मालननेच तिच्या मागे लागून तिला पालक खायला लावला होता.

"काय निघालं म्हणतेस?"

"फवारणीचं औषध. चालतं त्याच्या तिप्पट."

"तुमच्या मशिनीतच कायतरी लोचा असेल गो. माझी भाजी रघूच्या वाडीतली. शीवच्या पुढे, हितंच पिकते. सकाळी काढली की तासाभरात माझ्या पुढ्यात."

जुई वाद न घालता निघून गेली. जुडी मात्र तिने घेतली नाही.

मालनला आधी तिचाच राग आला. मग तिने जुडी नाकाशी नेली. मातीचा वास आला. तरी तिने पुन्हा हुंगून पाहिलं. पानं उलटीपालटी केली. एकाही पानाला भोक नव्हतं, कुठे कीड नव्हती. इतकी वर्षं याच गोष्टीचं तिला कौतुक होतं. आज तेच डोळ्यांत खुपायला लागलं.

दुपारी तिने टोपली शेजारी भाजी विकणाऱ्या कमलाबाईंच्या स्वाधीन केली आणि रघूला न कळवता त्याची वाडी गाठली.

रघू पंप पाठीला लावून मेथीवर फवारत होता. तिला बघून दचकला.

"ताई, तू? आज हिकडं?"

"ही कधी काढणार?"

"ही होय? हिला अजून आठवडा हाय. औषध उतरल्याबिगर काढत नाय."

त्याने खाली बघत सांगितलं, म्हणून तिचा विश्वास बसला नाही. तेवढ्यात रघूची बायको कोपऱ्यातल्या छोट्या वाफ्यातून पालक खुडून आली. पानं बारकी, चाळणीसारखी भोकं पडलेली.

"असली कुणाला विकतेस गो?" मालनने विचारलं.

"विकायची नाय, ताई. घरची हाय. पोरांच्या डब्याला."

ती सहज बोलून गेली. रघूने पंप बंद केला. मालनने आधी त्या कोपऱ्याकडे, मग मेथीकडे पाहिलं.

"आणि मेथी उद्याच काढणार ना? खरं सांग."

"उद्याच," रघू म्हणाला. मग त्याचाही आवाज चढला. "भोकाची जुडी तू घेशील काय? श्रावणात दिली होती. गिऱ्हाईक हात लावत नाय म्हणून सगळी परत धाडलीस. तवाच औषध वाढवलं मी."

 मालनने खरंच ती परत पाठवली होती. शिव्या घालून पाठवली होती.

"उद्यापासून मला ह्या वाफ्यातली दे," ती शेवटी म्हणाली.

"धा-बारा जुड्याच निघतील."

"निघतील तेवढ्या दे."

दुसऱ्या दिवशी तिची टोपली अर्धीसुद्धा भरली नव्हती. गिऱ्हाइकं येत होती, जुडी उलटून बघत होती, भोकं दिसली की खाली ठेवून कमलाबाईंकडे वळत होती. कमलाबाईंकडची मेथी रघूचीच होती. मालनने त्यांना सकाळीच सगळं सांगितलं होतं. त्या "बघू" म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी जुई आली. मालनने वाडीत पाहिलेलं सगळं तिला सांगितलं. परत पाठवलेल्या जुड्यांचंही सांगितलं. 

"मावशी, राग मानू नका," जुई चाचरत म्हणाली, "पण यातली एक जुडी आधी तपासायला नेऊ?"

"एक नको, दोन ने," मालन म्हणाली. "वरची एक, नि तळातली एक."

आणि तळातली जुडी तिला स्वतःच्या हाताने काढता यावी म्हणून मालनने टोपली तिच्या पुढ्यात उपडी केली.