चाकं काढायची नाहीत

धुरपदाबाईंनी पदर खोचला, चपला दाराशी काढल्या आणि डब्याच्या मधोमध उभं राहून दोन दणदणीत उड्या मारल्या. साठीला टेकलेली बाई, अंगानं चांगली भरलेली. आख्खा डबा डुगडुगला, भिंतीवरचा आरसा थरथरला आणि चाकाशी उकिडवा बसलेल्या झुलाल फिटरनं दारातून डोकं आत घातलं.

"आखो मारा, अक्का. त्या कोपराम्हा मारा," तो म्हणाला. "कुजेल फळी तठेच सापडस."

धुरपदाबाईंनी कोपऱ्यातही उडी मारली. फळी काही बोलली नाही. बाईंचा गुडघा तेवढा बोलला.

डबा म्हणजे रेल्वेचा नव्हे. दीपनगरच्या वीजकेंद्रात राखेचा बांध घालायला जो ठेकेदार आला होता, त्यानं आपल्या साहेबलोकांसाठी आणलेली ही चाकांवरची पत्र्याची खोली. आत दोन बाक, त्यांचेच रात्री पलंग व्हायचे. भिंतीला मिटून ठेवायचं टेबल, खिडकीला जाळी, आणि छताजवळ एक इवलंसं कपाट, ज्यात चहासाखरेचे डबे असे बसायचे की जणू मापच घेतलंय. सगळे या प्रकाराला 'डबा' म्हणायचे, म्हणून धुरपदाबाईही म्हणायच्या. मेसच्या स्वयंपाकीणबाई त्या. रोज सकाळी चहाची किटली घेऊन या डब्यापर्यंत यायच्या, पण दारापर्यंतच. साहेब दारातच कप घ्यायचे. इतकी वर्षं त्यांनी हा डबा आतून पाहिला होता तो फक्त साहेबाच्या खांद्यावरून, अर्धामुर्धा. आणि आता बांधाचं काम संपलं होतं, मेस बंद होणार होती, मेसच्या मागची त्यांची खोलीही जाणार होती, आणि ठेकेदार डबा विकायला निघाला होता. बाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

झुलाल धुळ्याकडचा माणूस, यंत्रांच्या डागडुजीत केस पिकलेला. त्याचा एक नियम होता, तो त्यानं बाईंना आधीच ऐकवला होता. "पहिले खाल देखा, मंग वर देखा. मजार देखानं सर्वास्ना मांगे." म्हणजे आत बघायचं ते सगळ्यात शेवटी, कारण आत पाहिलं की माणूस भुलतो आणि खाली गंजलेलं त्याला दिसत नाही. धुरपदाबाई अर्थातच आधी आत शिरल्या होत्या आणि कधीच्या भुलल्या होत्या.

पण झुलाल भुलला नाही. तो डब्याखाली आडवा झाला, सांगाड्यावर हातोडी मारत गेला, आवाज ऐकत गेला. छतावर चार बादल्या पाणी ओतायला लावलं आणि आत बाईंना मान वर करून उभं केलं. बाकाखाली नाक खुपसून ओलीचा वास येतो का ते पाहिलं. खिडक्या उघडल्या, मिटल्या. शेवटी चारही चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली, आणि मग हात पुसत म्हणाला, "बठ्ठं ठीक शे, अक्का. ल्या."

बाई मात्र तेवढ्यानं निर्धास्त झाल्या नाहीत. डबा ठीक होता. पण उभा कुठे करायचा, तिथे काय काय ऐकावं लागेल, ती धास्ती झुलालच्या हातोडीला कशी कळणार?

जागा होती असोद्याला, धाकट्या भावाच्या, अभिमनच्या वावरात. पहूरला बाईंचं सासर. नवरा तरुणपणीच गेला आणि दिरांनी बाईंचं गाठोडं शांतपणे ओट्यावर आणून ठेवलं. तेव्हापासून बाईंनी दुसऱ्यांच्या चुली पेटवल्या. म्हातारपणी माहेरच्या मातीत कुठंतरी कोपरा मिळावा एवढंच मनात होतं. पण वेळ वाईट निवडली. त्या वर्षी गावोगाव पारावर एकच विषय, मुलींनाही आता वाटा मिळणार. माहेरी आलेल्या बहिणीकडे भाऊ चहाच्या कपावरून वेगळ्याच नजरेनं बघायला लागले होते. आणि नेमक्या तेव्हाच बाईंनी जेवताना सहज म्हणून विषय काढला, की केळीच्या कडेला एक खोली बांधून राहू का? भावजयीचा, प्रमिलाबाईंचा, पोळपाटावरचा हात थांबला. परत सुरू झाला, पण ती पोळी काही गोल झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अभिमन गोठ्यापाशी जमिनीकडे बघत बोलला. "अक्का, तुले रहायले नाही कोन म्हन्ते? पन बांधकाम नको. आपल्या वावरात कुदय नको मारू."

कुदळ मारली की घर झालं, आणि घर झालं की हक्क झाला, असा त्याचा अर्थ. बाईंना तो समजला. राग आला नाही असं नाही, पण भाऊ होता, आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता, घाबरला होता. त्यावर बाईंनी जी शक्कल काढली तिचा त्यांना फार अभिमान वाटला. जमिनीला टेकणारच नाही असं घर! चाकांवरचं! प्रमिलाबाईंनी ते ऐकून बराच वेळ विचार केला आणि एकच अट घातली, चाकं काढायची नाहीत.

चैत्र संपता संपता ट्रॅक्टरमागे डबा निघाला. झुलाल ट्रॅक्टरवर, त्याच्या शेजारी मडगार्डवर धुरपदाबाई, आणि सबंध रस्ताभर त्यांची मान मागे. डबा डावीकडे झुकला की बाई उजवीकडे कलायच्या, जणू त्यांच्यामुळेच तो सावरणार होता. भुसावळच्या वळणावर कुणीतरी सर्कस कुठे उतरणार म्हणून विचारलं. झुलालनं उत्तर दिलं की वाघीण पुढेच बसलीय. बाई हसल्या, पण मान पुढे केली नाही.

असोद्याच्या वावरात माती तापून भेगाळली होती. एकेक भेग अशी की कोपरापर्यंत हात जावा. झुलालनं टाच आपटून पाहिली. "दगड शे दगड," म्हणाला. डबा केळीच्या कडेला, दार उगवतीला करून उभा राहिला. प्रमिलाबाई आल्या, नारळ फोडला, आत डोकावून कपाटाचं कौतुक केलं, आणि जाता जाता प्रत्येक चाकाला हळूच पाय लावून गेल्या.

आता बघा, असोद्यातलं शेंबडं पोरही सांगेल की काळ्या मातीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. उन्हाळ्यात ती दगड असते आणि पाणी प्यायली की लोणी. धुरपदाबाईंना ते माहीत होतं, अभिमनला माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. पण हे घर नव्हतं ना! ही तर गाडी होती. सगळ्यांनी मिळून हे घर नाही असं इतक्या वेळा म्हटलं होतं, की घराला काय लागतं ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

बाई जपून राहिल्या. तुळसही त्यांनी मातीत लावली नाही, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावली. कपड्यांची दोरी बांधायला खांब रोवला नाही, डब्याच्या कडीपासून लिंबाच्या फांदीपर्यंत ओढली. पत्रा तापायचा म्हणून छतावर केळीची पानं अंथरली. पहाटे उठून आपल्या हातानं चहा करायच्या, दारात उभं राहून प्यायच्या, आणि मग मुद्दाम आत जाऊन उरलेला बाकावर बसून संपवायच्या. सुख होतं. पण सुखाच्या खाली सतत काहीतरी कुरतडत असायचं. बांधावरून कुणी थांबून बघितलं, की या दार ओढून घ्यायच्या. घर फार नीटनेटकं दिसत नाही ना? फार कायमचं दिसत नाही ना?

वैशाखातल्या एका दुपारी त्या बाकावर आडव्या झाल्या होत्या. पितळी फुलपात्र पायाशी खाली फळीवर होतं. डोळा लागतो न लागतो तोच फुलपात्र आडवं झालं आणि गडगडत निघालं. कुणी लोटलं नाही, काही नाही. आपलं आपण भिंतीपर्यंत गेलं आणि तिथे जाऊन थांबलं.

बाई उठून बसल्या. जाळीतून खाली पाहिलं तर डब्याखाली पाणी चमकत होतं. केळीच्या पाटाला उंदरानं भोक पाडलेलं, आणि पाणी भरात सोडून अभिमन दुसऱ्या टोकाला गेलेला. वावरातल्या सगळ्या भेगा घटाघटा पाणी पीत होत्या. डबा कण्हला, मागचं चाक आणखी खचलं, कपाट उघडून साखर सांडली. बाई दाराकडे धावल्या. दार चौकटीत असं आवळलं होतं की हलेना. खांदा लावला, तरी हलेना.

हाक मारली असती तर चार वावरांतून माणसं आली असती. बाईंनी तोंड उघडलंही. आणि मिटलं.

माणसं आली असती म्हणजे काय झालं असतं? प्रमिलाबाई आल्या असत्या. उद्या कलंडून अंगावर पडेल म्हणाल्या असत्या, घेऊन जा म्हणाल्या असत्या, आणि ते खोटंही नसतं. घेऊन कुठे जायचं?

बाई वरच्या बाजूच्या बाकाला धरून बसून राहिल्या. पत्रा तापत गेला. माठ घरंगळून फुटला होता. घाम डोळ्यांत गेला तरी त्यांनी पुसायला हात सोडला नाही. जरा हलावं तर डबा हलेल असं वाटायचं. आणि इतक्या घाबरलेल्या असूनही त्या सांडलेली साखर डोळ्यांनीच गोळा करत होत्या.

उन्हं उतरली तेव्हा अभिमनची चाहूल लागली. पाट बंद केल्याचा, चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला, आणि मग तो आवाज थांबला.

"अक्का?"

बाईंनी आवाज नीट केला. "काय रे?"

"काय करू राह्यली?"

"काही नाही. चहा ठेवू राह्यली. घेशील?"

तो पाय उपसत दाराशी आला. मग म्हणाला, "दार उघड."

"जरा बसलंय ते. खिडकीतून देते."

खिडकीच्या जाळीची चौकट सरकवून त्यांनी रिकामा कप पुढे धरला. चहा ठेवलेलाच नव्हता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. अभिमननं तो रिकामा कप घेतला, खिडकीच्या काठावर ठेवला आणि वळून निघून गेला. बाई चिखलातली त्याची पावलं ऐकत राहिल्या. संपलं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तो परत आला तेव्हा बरोबर प्रमिलाबाई होत्या. त्यांनी कलंडलेला डबा पाहिला. मग दोरीकडे पाहिलं. सकाळचे कपडे कडक वाळून दोरीवर तसेच होते, तुळस मान टाकून होती. "कव्हाच्या मंधी हायेत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हे काय, आत्ताच," धुरपदाबाई म्हणाल्या.

प्रमिलाबाईंनी वाळलेल्या लुगड्याला हात लावला आणि तो तसाच राहू दिला. मग कासोटा आवळून खिडकीखाली चिखलात वाकल्या, पाठ पुढे केली आणि द्या पाय म्हणाल्या. साठीची नणंद पन्नाशीच्या भावजयीच्या पाठीवर पाय देऊन खिडकीतून उतरली. उतरली म्हणजे काय, दोघी मिळून चिखलात बसल्या. कुणी हसलं नाही. हसू पुढे आठ दिवसांनी आलं, तेव्हा थांबेना.

अभिमनच्या हातात कुदळ होती. चाकाच्या बाजूला तो ती धरून उभा होता, आणि बायकोकडे बघत होता.

"बघता काय?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "खंदा. मुरूम लागेपर्यंत खंदा."

दुसऱ्या दिवशी झुलाल जॅक घेऊन आला. मुरमावर काळ्या दगडांचे चार ठोकळे बसले, त्यावर डबा टेकला, चाकं निघाली. भंगारवाल्याला देऊन टाकू, असं अभिमन म्हणाला. आता कशाला लागतात? धुरपदाबाईंनी मान हलवली आणि चारही चाकं डब्यामागं त्याच्याच सावलीत ओळीनं उभी करून घेतली.

दसऱ्याला अभिमननं ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, विहिरीच्या मोटरला घातली, आणि एक न सांगता डब्याच्या दाराला बांधून गेला. तो दिसेनासा झाल्यावर धुरपदाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन मागं गेल्या. प्रत्येक चाकाला बोट लावलं, फूल वाहिलं. आणि मग इकडंतिकडं बघून एकेक चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं.

हवा होती.